बियांपासून मोरवेल : साताऱ्याच्या अंगणात क्लेमॅटिस वाढवण्याची रीत

पाऊस ओसरू लागला की यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, करवंदीच्या जाळ्यांवर चढून बसलेली आणि पांढऱ्या चांदण्यांसारख्या फुलांनी भरलेली एक वेल दिसू लागते. बरेच जण तिला जाई समजतात. आमच्या भागात तिला रानजाई किंवा मोरवेल म्हणतात, आणि बागकाम करणारे लोक क्लेमॅटिस या नावाने ज्या वेली ओळखतात त्यांच्याच गणातली ती आहे. दोनएक महिन्यांनी पुन्हा त्याच रस्त्याने गेलात तर फुलांच्या जागी मऊ, रुपेरी शेपट्यांचे झुबके लटकत असतात. त्यातल्या प्रत्येक शेपटीच्या बुडाशी एक बी असते. त्या बीपासून घरच्या घरी रोप कसे करावे, ते मोठे कसे करावे आणि त्याला फुलापर्यंत कसे न्यावे, हे पूर्वी कधी बियांपासून वेल न वाढवलेल्या वाचकांसाठी क्रमाने सांगत आहे.

हे काम अवघड नाही, मात्र सावकाश होणारे आहे. मेथी किंवा झेंडू पेरण्याची ज्याला सवय आहे, तो आठव्या-दहाव्या दिवशी मातीकडे पाहून खट्टू होतो आणि तिसऱ्या आठवड्यात नाद सोडून देतो. मोरवेलीच्या बाबतीत बहुतेकांचे अपयश हे बी खराब असल्याने नव्हे, तर ट्रे लवकर टाकून दिल्याने किंवा मधल्या काळात तो एक-दोनदा कोरडा पडू दिल्याने येते, असे माझे मत इतक्या वर्षांत पक्के झाले आहे. म्हणून पेरणीच्या आधी या बीचा स्वभाव समजून घ्यावा.

बी उगवायला उशीर का लागतो

मोरवेलीचे बी झाडावरून सुटते तेव्हा बाहेरून पूर्ण पिकलेले दिसते, पण आतला भ्रूण अजून अगदी लहान असतो. बीचा बहुतेक भाग पुष्काने, म्हणजे साठवलेल्या अन्नाने व्यापलेला असतो आणि टोकाशी इवलासा भ्रूण असतो. मातीत ओलावा मिळाल्यावर हा भ्रूण आधी बीच्या आतच वाढतो, पुरेसा मोठा झाला की मग मूळ बाहेर काढतो आणि त्यानंतर कोंब वर येतो. आपल्याला वरून काहीही दिसत नसते तेव्हा आत हे सगळे चाललेले असते. या काळात माती एकदा पूर्ण वाळली तर वाढत असलेला भ्रूण मरतो, आणि नंतर कितीही पाणी घातले तरी ते बी उगवत नाही. हे एकदा लक्षात आले की पुढच्या सूचना पाठ करण्याची गरज उरत नाही.

कोणती मोरवेल निवडावी

जगात क्लेमॅटिसच्या सुमारे तीनशे जाती आहेत. युरोपातल्या बागांच्या छायाचित्रांत दिसणारी, हाताच्या पंजाएवढी जांभळी-गुलाबी फुले असलेली क्लेमॅटिस ही माणसाने संकर करून तयार केलेली आहे. तिला हिवाळ्यात कडक थंडीची विश्रांती लागते. महाबळेश्वर किंवा पाचगणीला, म्हणजे बाराशे-तेराशे मीटर उंचीवर, तिचा प्रयोग करून पाहायला हरकत नाही. सातारा शहरात ती कशीबशी तग धरते, आणि सांगली-मिरजेच्या उन्हाळ्यात ती टिकवणे फार कष्टाचे होते. शिवाय अशा संकरित वेलीचे बी पेरले तर आईसारखेच फूल येईल याची खात्री नसते. पाकिटावर निळेशार फूल छापलेले असते म्हणून भुलून जाऊ नये. संकरित क्लेमॅटिसची रोपे छाटकलमाने किंवा दाबकलमाने करतात ती याच कारणाने.

म्हणून नवशिक्यांनी सह्याद्रीतल्या मोरवेलीपासूनच सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. तिला आपला पाऊस, आपला उन्हाळा आणि आपली सौम्य थंडी परिचयाची आहे. आपल्या डोंगरांत तिच्या दोन-तीन जाती सहज आढळतात. पावसाळा संपता संपता मोठी, शुभ्र, सुवासिक फुले देणारी आणि लवदार, तीन खंडांची पाने असलेली ती क्लेमॅटिस ट्रायलोबा. थंडीच्या सुरुवातीला लहान, हिरवट पांढऱ्या फुलांचे दाट घोस देणारी ती क्लेमॅटिस गौरियाना. जाड, गुळगुळीत पानांची आणि तीन ठळक शिरांची ती क्लेमॅटिस हेडिसॅरिफोलिया. अंगणासाठी मला पहिली सर्वांत आवडते, कारण तिचे फूल मोठे असते आणि वेल आवाक्यात राहते.

स्थानिक नावांवर विसंबू नये. रानजाई हे नाव एका गावात मोरवेलीला आणि दुसऱ्या गावात रानटी जाईला दिलेले आढळते. ओळख पक्की करण्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात. पाने फांदीवर समोरासमोर जोडीने येतात. वेल चढते ती पानाच्या देठाने. देठच आधाराभोवती वळसा घालतो, स्वतंत्र ताणे नसतात. आणि फळाला पिसासारखी शेपटी असते. या तीनही खुणा एकत्र दिसल्या तर ती मोरवेलच. फुलाकडे नीट पाहिले तर आणखी एक गंमत कळते. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो, ती खरे तर निदले, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दले असतात. मोरवेलीला खऱ्या पाकळ्या नसतात. मराठी वनस्पतिशास्त्रात या सबंध कुलालाच मोरवेल कुल म्हणतात, आणि आपल्या मसाल्यातली कलौंजी आणि विषारी बचनाग हे दोघेही याच कुलातले आहेत.

बचनागाचा उल्लेख मुद्दाम केला. मोरवेलीचा ताजा रस कातडीला लागला तर आग होते, नाजूक कातडीवर फोडही येतात. पाने चुरगळू नयेत, छाटणी करताना हातमोजे घालावेत, डोळ्यांना हात लावू नये, आणि लहान मुले व शेळ्या-वासरे जिथे तोंड घालतात तिथे ही वेल लावू नये. घरगुती औषध म्हणून तिचा प्रयोग करू नये.

बी कुठून आणावे आणि कधी तोडावे

कासचे पठार राखीव आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यात ते येते. तिथले किंवा कोणत्याही राखीव वनातले फूल, बी, रोप काहीही आणायचे नाही. त्याची आवश्यकताही नाही. जावळी तालुक्यातल्या आणि सातारा-कास रस्त्यावरच्या गावांत शेताच्या बांधावर, खासगी कुंपणावर मोरवेल भरपूर असते. मालकाला विचारावे; “काका, या वेलीची चार बिया घेऊ का?” म्हटल्यावर आजवर मला कोणी नाही म्हटलेले नाही, उलट एका आजींनी स्वतःच विळ्याने फांदी ओढून खाली धरली होती. एकाच वेलीचे सगळे बी ओरबाडू नये. दोन-तीन वेलींवरून थोडे थोडे घ्यावे आणि बहुतेक बी वाऱ्यासाठी सोडावे, कारण त्या शेपटीचे कामच बीला वाऱ्यावर दूर नेण्याचे आहे.

बी पिकले की नाही हे ओळखण्यात घाई होते. शेपट्या रुपेरी आणि रेशमासारख्या चमकदार असतात तेव्हा त्या फार सुंदर दिसतात, पण बी त्या वेळी कच्चे असते. थांबावे. शेपट्यांची चमक जाऊन त्या कापसासारख्या विस्कटलेल्या आणि मळकट दिसू लागतात, बुडाचे बी हिरव्याचे तपकिरी होते, आणि चिमटीत धरून हलकेच ओढल्यावर सहज सुटून हातात येते, तेव्हा ते तोडावे. ओढताना जोर लावावा लागला तर आठवड्याने पुन्हा यावे. लवकर फुलणाऱ्या वेलीचे बी साधारणपणे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आणि उशिरा फुलणारीचे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत हाती लागते. सकाळचे दव वाळल्यावर, कोरड्या हवेत, कागदी पाकिटात बी गोळा करावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि दोन दिवसांत बुरशी येते.

घरी आणल्यावर बी वर्तमानपत्रावर पसरून सावलीत चार-पाच दिवस वाळवावे. मग एकेक बी अंगठ्याच्या नखाखाली हलकेच दाबून पाहावे. भरलेले बी मध्यभागी किंचित फुगीर आणि टणक लागते. पोचट बी कागदासारखे चपटे असते आणि दबते. पोचट बिया बऱ्याच निघतात, त्याने नाउमेद होऊ नये. पाच-सहा रोपे हवी असतील तर निवडलेले तीस-चाळीस बी पेरावे.

पेरणीची वेळ

ताजे बी शक्य तितक्या लवकर, डिसेंबर किंवा जानेवारीत पेरावे. याची कारणे दोन आहेत. मोरवेलीचे बी जुने होत जाते तशी त्याची उगवण कमी होते. आणि आपल्याकडची या दोन महिन्यांची हवा, म्हणजे दिवसा उबदार आणि रात्री बारा-पंधरा अंशांपर्यंत उतरणारी, या बीला मानवते. या हिशेबाने रोपे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये वर येतात, उन्हाळा सावलीत काढतात आणि जूनच्या पावसात जमिनीत जायला तयार होतात. जूनमध्ये बी पेरणारेही आहेत, पण संततधार पावसात ट्रे चिंब होऊन बी कुजते, असा माझा अनुभव आहे. उन्हाळ्यात मात्र पेरूच नये.

परदेशी, थंड प्रदेशातल्या जातीचे बी कोणी भेट दिले असेल तर त्याची रीत वेगळी आहे. ते ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात मिसळून, बंद होणाऱ्या लहान पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात सहा ते आठ आठवडे ठेवतात आणि मग पेरतात, कारण हिवाळा होऊन गेला आहे अशी खूण पटल्याशिवाय त्यातल्या अनेक जाती उगवत नाहीत. वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. आपल्या मोरवेलीला ही थंडी देण्याची गरज नाही. तिच्या डोंगरावर बर्फ कधी पडत नाही.

भांडे आणि माती

मूळ आधी खोल जाते, म्हणून भांडे किमान चार इंच खोल असावे. रोपवाटिकेतले उथळ, लहान खणांचे ट्रे या कामाला बरे नाहीत. मी मिठाईचे पारदर्शक प्लॅस्टिकचे डबे वापरते. साताऱ्यात कंदी पेढ्यांमुळे असे डबे घरात साठतातच. डब्याच्या तळाला तापवलेल्या खिळ्याने दहा-बारा भोके पाडावीत. झाकण टाकून देऊ नये, त्याचा पुढे उपयोग आहे.

माती हा भाग मन लावून करावा. कृष्णाकाठची काळी माती उसाला चांगली असली तरी या बीला घातक आहे. ती पाणी धरून ठेवते, वाळली की तडकते आणि त्या भेगेत कोवळे मूळ तुटते. मिश्रण असे करावे : दोन भाग भिजवून फुलवलेले कोकोपीट, एक भाग धुतलेली जाडसर वाळू, एक भाग चाळलेले, पूर्ण कुजलेले गांडूळ खत. नदीची वाळू न मिळाल्यास क्रशरची वाळू चालते, मात्र ती बादलीत तीन-चार वेळा धुऊन तिची पूड काढून टाकावी, नाहीतर ती सिमेंटसारखी घट्ट बसते. कोकोपीटसुद्धा एकदा भिजवून पिळून घ्यावे, म्हणजे त्यातला खारटपणा कमी होतो. ताजे शेणखत अजिबात घालू नये.

मिश्रण डब्यात भरण्याआधी त्यावर उकळते पाणी ओतून, झाकून, पूर्ण थंड होऊ द्यावे. हे बी महिनोन्‌महिने ओल्या मातीत पडून राहणार असते. त्या काळात बुरशी, चिलटांच्या अळ्या आणि तणांचे बी यांना आधीच आवर घातलेला बरा. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये, इतकी ओल पुरे.

पेरणी

पेरणीच्या आदल्या दिवशी बी कोमट पाण्यात भिजत घालावे आणि चोवीस तासांत दोनदा पाणी बदलावे. भिजवण्याआधी शेपट्या कात्रीने कापून टाकाव्यात. शेपटी राहिली तर बी मातीवर आडवे बसत नाही आणि त्या केसाळ भागावर सर्वांत आधी बुरशी धरते. भिजलेल्या पाण्यात काही बी तरंगते, काही बुडते. तरंगणारे सगळे वांझ असते असे समजून फेकू नये, नखाने केलेली पारख जास्त भरवशाची आहे.

डबा काठाखाली एक इंचापर्यंत भरून माती हाताने सपाट करावी. बी एकमेकांपासून दीड-दोन इंचांवर, आडवे ठेवावे. दाटी केली तर पुढे रोपे वेगळी करताना मुळे तुटतात. वर बीच्या जाडीच्या दुप्पट, म्हणजे तीन-चार मिलिमीटर, त्याच मिश्रणाचा थर द्यावा आणि त्यावर वाळूचा अगदी पातळ थर भुरभुरावा. वाळूमुळे वरचा भाग चटकन वाळतो, शेवाळ धरत नाही आणि कोंबाच्या मानेशी ओल साचत नाही.

पाणी वरून ओतू नये. परातीत दोन बोटे पाणी घेऊन त्यात डबा ठेवावा. पाणी खालच्या भोकांतून चढत जाते, आणि वरची वाळू गडद दिसू लागली की डबा उचलून निथळत ठेवावा. ओला डबा हाताने किती जड लागतो ते याच वेळी लक्षात ठेवावे. पुढे पाणी हवे की नको हे ठरवायला ते वजनच उपयोगी पडते; वरच्या वाळूकडे पाहून ओल कळत नाही.

जातीचे नाव, बी कुठल्या गावचे आणि पेरणीची तारीख एका प्लॅस्टिकच्या पट्टीवर शिसपेन्सिलीने लिहून डब्यात खोचावी. मार्कर पेनची शाई उन्हाने दोन महिन्यांत उडते, पेन्सिल टिकते.

थांबण्याचे दिवस

डब्यावर झाकण सैल ठेवावे आणि तो पूर्वेच्या खिडकीत किंवा व्हरांड्यात, जिथे भरपूर उजेड आहे पण थेट ऊन येत नाही अशा जागी ठेवावा. बंद डब्यावर दुपारचे ऊन पडले तर आत भट्टी होते. रोज सकाळी झाकण काढून पाच मिनिटे वारा द्यावा, आतल्या बाजूचे थेंब पुसावेत आणि डबा उचलून वजन पाहावे. हलका लागला तरच परातीत ठेवावा. हिवाळ्यात सहसा आठवड्यातून एकदा, फेब्रुवारीनंतर दोनदा-तीनदा पाणी लागते. सांगलीत राहणाऱ्यांनी फेब्रुवारीपासून डबा ओल्या गोणपाटावर ठेवावा, म्हणजे भोवतीची हवा थोडी थंड राहते.

पहिला कोंब तीन आठवड्यांत दिसू शकतो, तीन महिनेही लागू शकतात. एकाच दिवशी पेरलेले बी सुद्धा एकदम उगवत नाही. एक रोप चार पानांचे झालेले असते आणि शेजारचे बी तेव्हा कुठे कोंब काढते. पहिल्या वर्षी मी सातव्या आठवड्यात कंटाळून डबा मागच्या अंगणातल्या कढीपत्त्याच्या कुंडीत रिकामा केला होता. मार्चमध्ये त्या कुंडीत, कढीपत्त्याच्या बुंध्याशी, समोरासमोर पानांची तीन बारीक रोपे उभी दिसली. कुंडीला रोज पाणी मिळत होते, वरून सावली होती, आणि त्या बियांना तेवढेच हवे होते. तेव्हापासून पेरणीच्या तारखेपासून एक वर्ष होईपर्यंत मी कोणताही डबा रिकामा करत नाही, आणि तुम्हीही करू नये.

माती उकरून बी पाहण्याचा मोह टाळावा. अनेकदा मूळ आधीच उतरलेले असते आणि कोंब यायचा असतो. उकरताना ते मूळ तुटते. पांढरी बुरशी दिसलीच तर तो भाग चमच्याने उचलून टाकावा, झाकण दोन दिवस काढून ठेवावे आणि ट्रायकोडर्मा ही रोगट बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी पाकिटावर दिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून खालूनच पाजावी.

रोप वर आल्यावर

कोंब दिसताच झाकण कायमचे काढावे. या टप्प्यावर सर्वांत मोठा धोका रोप मानेशी काळे पडून कोलमडण्याचा असतो. संध्याकाळी वरून घातलेले पाणी आणि कोंडलेली हवा ही त्याची कारणे. एकदा कोलमडलेले रोप वाचत नाही. ते उचलून टाकावे आणि बाकीच्यांना वारा मिळेल असे करावे. डबा सकाळच्या कोवळ्या उन्हात पहिल्या दिवशी अर्धा तास, मग हळूहळू वाढवत दोन तासांपर्यंत ठेवावा.

खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की रोपे वेगळी करावीत. मोरवेलीची मुळे पांढरी, बारीक आणि ठिसूळ असतात. खोड धरून ओढू नये. आदल्या रात्री डबा भिजवावा, सकाळी जुन्या चमच्याच्या दांड्याने रोपाखालची माती मुळांसकट उचलावी, आणि पान धरून ते नव्या पिशवीत ठेवावे. पान तुटले तर दुसरे येते, चिरडलेले खोड सावरत नाही. पाच-सहा इंच खोलीची पिशवी किंवा कुंडी घ्यावी. तिच्यात तांबडी माती, गांडूळ खत आणि वाळू समप्रमाणात घालावी. लावल्यावर आठ दिवस पूर्ण सावलीत ठेवावे. डब्यात न उगवलेले बी उरले असेल तर ती माती परत सपाट करून डबा जागेवर ठेवून द्यावा.

याच वेळी आधार द्यावा, आणि तो बारीक असावा. मोरवेलीच्या पानाचा देठ कोणत्याही बारीक वस्तूला टेकला की टेकलेल्या बाजूने वळू लागतो. मी एकदा सकाळी आठला एक देठ सुतळीला टेकवून ठेवला; संध्याकाळपर्यंत त्याचा आकडा झाला होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्ण वेढा बसला होता. नंतर तो देठ टणक होतो आणि सोडवायला गेले तर मोडतो. हा देठ सुतळी, झाडूची काडी, तार, बांबूची बारीक कामटी यांनाच धरू शकतो. जाड बांबू किंवा नळकांडे त्याच्या कवेत मावत नाही, आणि मग वेल खाली लोळते. भिंतीवर किंवा जाड खांबावर चढवायची असेल तर आधी त्यावर सुतळीची किंवा तारेची जाळी बांधावी.

रोप सहा इंच झाले की पानांच्या तीन जोड्या ठेवून शेंडा खुडावा. मन होत नाही, पण एकच लांब दोरा वाढण्यापेक्षा बुडाशी तीन-चार फांद्या फुटणे पुढच्या फुलांसाठी चांगले असते.

एप्रिल-मे हा परीक्षेचा काळ आहे. रोपे हिरव्या जाळीखाली किंवा आंबा-चिकूसारख्या झाडाच्या सावलीत ठेवावीत, सकाळी पाणी द्यावे, आणि कुंड्या एकमेकींना लागून ठेवाव्यात म्हणजे त्यांच्या बाजू तापत नाहीत. काळ्या पिशव्या थेट उन्हात ठेवल्या तर आतली मुळे शिजतात. पान कोमेजले म्हणून आपण पाणी घालत राहतो आणि रोप मरते. या दिवसांत मावा आणि लाल कोळी येतात. पानाच्या खालच्या बाजूला साध्या पाण्याचा फवारा मारल्याने बरेच निभावते. न निभावल्यास लिटरभर पाण्यात दोन मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून ऊन उतरल्यावर फवारावे.

जमिनीत लावणे

पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनी जमीन गार झाली की लावावे. सातारा शहरात तो काळ जूनचा शेवट, घाटाच्या अंगाला थोडा आधी आणि सांगलीकडे बहुतेक वेळा जुलै. जागा अशी निवडावी की वेलीच्या वरच्या भागाला सकाळचे चार-पाच तास ऊन मिळावे आणि बुंध्याभोवतीची जमीन सावलीत राहावी. कुंपणाच्या उत्तरेला लावून वेल कुंपणावरून पलीकडे उन्हात नेली तर हे आपोआप साधते. पश्चिमेची भिंत टाळावी.

खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल घ्यावा. काळी जमीन असेल तर तळाला विटांचे तुकडे आणि मुरूम घालून, काढलेल्या मातीत निम्मी तांबडी माती व दोन घमेली जुने शेणखत मिसळावे. रोपाची जागा भोवतालपेक्षा चार बोटे उंच ठेवावी म्हणजे पाणी साचणार नाही. रोप पिशवीतून काढताना पिशवी कापावी, मातीचा गोळा फुटू देऊ नये. बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचा चार इंच थर द्यावा, मात्र तो खोडाला चिकटवू नये. आपल्या जिल्ह्यांत पाचट मुबलक मिळते, आणि मुळे गार ठेवायला त्याच्याइतके दुसरे काही उपयोगी पडलेले मी पाहिले नाही. पावसाळ्यात शंखी गोगलगायी कोवळे शेंडे एका रात्रीत साफ करतात. रात्री विजेरी घेऊन त्या वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात.

ज्यांना अंगण नाही त्यांनी किमान चौदा इंची, शक्यतो मातीची कुंडी घ्यावी आणि ती दुसऱ्या, मोठ्या कुंडीत किंवा इतर झाडांच्या घोळक्यात ठेवावी. कुंडीतल्या वेलीला महिन्यातून एकदा ओंजळभर गांडूळ खत पुरते.

फुलापर्यंत

पहिल्या वर्षी वेल मुळांवर भर देते. फूल आले तर आनंद, नाही आले तर काळजी नको. दुसऱ्या पावसाळ्यानंतर बहुधा फुले येतात. मधल्या उन्हाळ्यात वेलीची पाने करपतात, गळतात, फांद्या सुतळीसारख्या वाळक्या दिसतात. ती मेली असे समजून उपटू नये. नखाने बुडाजवळची साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर वेल जिवंत आहे. तिला आठवड्यातून दोनदा पाणी द्यावे.

छाटणी मेच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर करावी. ही वेल त्याच हंगामात फुटलेल्या नव्या फांद्यांवर फुलते, म्हणून जुनी वेल जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, फुगलेल्या डोळ्यांच्या जोडीच्या वर कापावी. ऑगस्टनंतर कात्री लावू नये, कारण कळ्या तेव्हा फांद्यांच्या टोकाशी धरत असतात. जुलैमध्ये वाढीच्या भरात भुरी, म्हणजे पानांवर पांढऱ्या पुडीसारखी बुरशी, दिसली तर दाटी विरळ करावी. पानांना वारा लागला की ती बहुतेक वेळा आटोक्यात येते. नत्र जास्त असलेले खत, विशेषतः युरिया, देऊ नये. त्याने पाने माजतात आणि कळ्या धरत नाहीत.

फुले गळाल्यावर सुकलेले घोस लगेच कापू नयेत. शेपट्या चमकदार असताना त्यातले आठ-दहा घोस निवडून त्यांवर जुन्या मलमलीची लहान पिशवी सैल बांधावी, कारण पिकलेले बी एका वाऱ्याच्या झोतात निघून जाते. पिशवीतले बी तपकिरी झाले की काढावे, नखाने पारखावे आणि त्याच डिसेंबरात नव्या डब्यात पेरावे. पट्टीवर या वेळी गावाच्या नावाच्या जागी आपल्या अंगणाचे नाव लिहावे.